आजोबांच्या खांद्यावरची मस्केट शिकारीला न्यावी का?

पत्र

ताई, नमस्कार. मी पिट्सबर्गजवळ राहतो. वय चौतीस, एच-वन-बी व्हिसावर आहे. गेल्या वर्षी इथला शिकारीचा शिक्षणवर्ग पूर्ण केला, परवानाही काढला. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी मला खारी आणि सशांच्या शिकारीला नेतात. आतापर्यंत त्यांचीच बंदूक वापरत आलो. मागच्या महिन्यात एका गन शोमध्ये टेबलावर जुनी लष्करी बंदूक दिसली. लोखंडावर मुकुट, त्याखाली 'ईशापूर' आणि साल कोरलेलं. विकणारा म्हणाला, ही मूळची एनफिल्ड रायफल, पण आता .४१०ची (हे नळीचं इंचातलं माप) शॉटगन आहे, छर्रे मारते. चारशे डॉलर, रोख द्या आणि घेऊन जा, कागदपत्रांची भानगड नाही. माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यात पोलीस हवालदार होते. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, आणि त्यात त्यांच्या खांद्याला हुबेहूब हीच बंदूक आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. येत्या हंगामात हीच घेऊन रानात जावं असं फार वाटतं. घेऊ का? घरी सहा वर्षांची मुलगी आहे. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचार.

उत्तर

तुमच्या पत्नीचं ऐकलंत ते फार बरं केलंत. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फोटोपाशी थांबले. परक्या देशात, एका टेबलावर आपल्या आजोबांच्या हातातली वस्तू दिसावी, यानं कुणाचीही झोप उडेल. पण तुमचा प्रश्न शिकारीचा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते: शिकारीसाठी ही बंदूक घेऊ नका. आठवण म्हणून घ्यायची असेल तर घ्या, पण तीही त्या टेबलावरून, त्या पद्धतीनं नको.

ही बंदूक आहे काय, ते आधी समजून घ्या.

ईशापूर हे बंगालमध्ये हुगळीच्या काठी, बराकपूरला लागून आहे. हो, तेच बराकपूर, जिथे १८५७च्या मार्चमध्ये मंगल पांडेंनी बंदूक उचलली. त्या उठावानंतर इंग्रजांनी एक धडा घेतला आणि तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहीत. हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या सोजिराच्या तोडीचं हत्यार द्यायचं नाही. उठाव मोडल्यावर देशी पलटणींच्या हातातल्या पेचदार नळीच्या रायफली गेल्या आणि तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका आल्या. नळीत पेच नसले की गोळी फिरत जात नाही, आणि न फिरणारी गोळी लांबवर नेमकी जात नाही. पुढे १८७८च्या शस्त्र कायद्यानं सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बंद झालं.

तुमच्या आजोबांची मस्केट, म्हणजे ती गुळगुळीत नळीची बंदूक, त्याच विचाराची नात आहे. .३०३ची ली एनफिल्ड, जी पहिल्या महायुद्धात खंदकांत लढली, ती घ्यायची. तिची नळी पोखरून .४१०ची गुळगुळीत करायची. दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवायचा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. ही पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायची. जमावापुढे बंदूक म्हणून दिसायला ती पुरेशी भारदस्त, आणि उद्या कुणी हिसकावून नेली तरी फौजेसमोर तिचा उपयोग शून्य. पोलिसांत तिला 'मस्केट'च म्हणत.

थोडक्यात, ती मुद्दाम अधू केलेली बंदूक आहे. तुमच्या आजोबांनी ती खांद्यावर घेऊन सोलापूरच्या उन्हात पहारे दिले, यात त्यांचा काही कमीपणा नाही. उलट अशा हत्यारानिशी लोकांपुढे उभं राहायला छाती लागते. पण रानात तुमच्यासमोर ससा असेल, आणि तिथे या अधूपणाची किंमत तुम्ही मोजणार नाही, तो मोजेल.

१९९६च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा कुणाच्या तरी .४१०नं ससा मारायला गेले होते. ती मस्केट नव्हती, साधी एकनळी शॉटगन होती. मला शिकार शिकवणारे शेजारचे म्हातारे गृहस्थ बरोबर होते. झुडपातून ससा निघाला, मी पस्तीसेक पावलांवरून चाप ओढला. ससा कोलमडला, उठला आणि मागचा पाय ओढत कुंपणाखालच्या बिळात गेला. ते गृहस्थ सत्तरीचे. बर्फावर पालथे पडून त्यांनी खांद्यापर्यंत हात बिळात घातला. अर्धा तास. ससा सापडला नाही. ते उठले, स्वतःची बंदूक रिकामी केली आणि काही न बोलता गाडीकडे चालू लागले. त्या दिवशी पुढे शिकार झाली नाही. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

आता हिशेब पाहा. .४१०च्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम छर्रे असतात. सहा नंबरचे शिशाचे घेतले तर साधारण ११२ दाणे. वीस गेजच्या, म्हणजे .४१०हून रुंद नळीच्या शॉटगनच्या, नेहमीच्या काडतुसात सात-अष्टमांश औंस, म्हणजे जवळजवळ दोनशे दाणे. नळीतून बाहेर पडल्यावर हे दाणे पसरत जातात, आणि सशाच्या किंवा खारीच्या मर्मावर चार-पाच दाणे तरी बसले पाहिजेत. ११२ दाणे पस्तीस पावलांवर इतके विरळ होतात की मध्ये अख्खा ससा मावेल अशी भोकं पडतात. शिकारीच्या बंदुकीची नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते, त्याला चोक म्हणतात. त्यामुळे दाणे थोडे लांबपर्यंत एकत्र राहतात. मस्केटला चोक नाही. तिला गर्दी पांगवायची होती, दाणे एकत्र राखायचे नव्हते. मोकळ्या नळीच्या .४१०नं वीस पावलांच्या पुढे मारू नये असं माझं मत आहे, आणि पेनसिल्वेनियाच्या रानात वीस पावलांवर स्वस्थ बसलेला ससा वर्षातून एखादाच भेटतो.

शिवाय ती जड आहे. एनफिल्ड चार किलोच्या आसपास भरते, लांबी सव्वाअकराशे मिलिमीटरच्या वर, आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत. शॉटगन सावजाबरोबर हलली पाहिजे. पळत्या सशामागे नळी वाहत जाते आणि त्या वाहण्यातच चाप ओढला जातो. एनफिल्ड स्थिर धरून, डोळा बारीक करून नेम धरायला घडवलेली आहे. ती वळवेपर्यंत ससा शेजारच्या शेतात पोचलेला असतो.

हे झालं सशाचं. आता तुमच्या स्वतःच्या डोळ्यांचं आणि बोटांचं बोलते, आणि हा भाग कृपा करून घाईनं वाचू नका.

'.४१० आहे' असं विकणाऱ्यानं सांगितलं. नळी .४१०ची आहे हे खरं. पण मस्केटचं मूळ काडतूस दुकानात मिळणारं .४१० नव्हे. ते .३०३च्याच पितळी पुंगळीपासून केलेलं होतं, फक्त पुढची मान न आवळता सरळ ठेवलेली. म्हणून मूळ मस्केटचं चेंबर, जिथे काडतूस बसतं ती जागा, .३०३च्या बुडाच्या मापाची आहे. आजचं .४१०चं काडतूस बुडाशी त्याहून जाड असतं, ते मूळ चेंबरमध्ये नीट बसतच नाही. अमेरिकेत आल्यावर अनेक मस्केटींची चेंबरं कुणी ना कुणी रुंद करून घेतली. काही चांगल्या कारागिरांनी, काही गॅरेजमधल्या हौशी माणसांनी. अडीच इंचाला केलं की तीन इंचाला, सरळ केलं की तिरकं, हे नुसतं बघून कळत नाही. तीन इंची काडतूस तोकड्या चेंबरात कधीकधी बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. चेंबर सैल असेल तर पुंगळी फुगते, चिरते, आणि गरम वायू मागे येतो. मागे म्हणजे बोल्टच्या, चेंबर मागून बंद करणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, बाजूला, जिथे तुमचा गाल टेकलेला असतो.

आणखी एक. मस्केटच्या आणि .३०३च्या काडतुसाचं बूड आणि कड एकच. रायफलसारख्या दिसणाऱ्या या बंदुकीत कुणी चुकून .३०३ घालेल, ही भीती मला खरी वाटते. घरात .३०३चं एकही काडतूस नसावं. तसंच कुणी सांगेल की .४१०मध्ये .४५ कोल्टची गोळी चालते. काही खास पिस्तुलांत चालते, ती त्याच कामासाठी घडवलेली असतात. .४१०च्या नळीपेक्षा ती गोळी जाड आहे. हा प्रयोग कुणाच्याही बंदुकीत करू नका.

आठवण म्हणून घ्यायचं ठरवलंत तरी पैसे देण्याआधी ती चांगल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्या. तो चेंबरमध्ये कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू ओतून साचा काढतो आणि तो मोजतो. चेंबर कोणत्या काडतुसाचं, किती लांब, किती रुंद, हे त्या साच्यावरून कळतं. बोल्टच्या मुठीवरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळतो का बघा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा आहे, आणि काडतुसामागे किती फट राहते ते मोजल्याशिवाय चालवू नका. नळीत आत खड्डे पडलेले असतात. जुन्या काडतुसांतल्या क्षारांनी लोखंड खाल्लेलं असतं, हे जवळजवळ गृहीतच धरा. आणि लाकडावर किंवा लोखंडावर इंग्रजी 'डीपी' अशी दोन अक्षरं दिसली तर विषय तिथेच संपला. ती कवायतीसाठी बाजूला काढलेली बंदूक. तिला भिंतीवर जागा द्या, काडतूस देऊ नका.

आता त्या 'कागदपत्रांची भानगड नाही'कडे येते. पेनसिल्वेनियात एका खासगी माणसानं दुसऱ्याला लांब नळीची बंदूक विकताना परवानाधारक दुकानदार मध्ये लागत नाही. म्हणून तो माणूस खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण तो तुमचा कायदा सांगत नव्हता, त्याचा सांगत होता. तुम्ही एच-वन-बीवर आहात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानं अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मुळात मनाई आहे. विकत घेणं तर पुढची गोष्ट. या मनाईला थोडे अपवाद आहेत, आणि तुमच्या कामाचा अपवाद म्हणजे इथल्या राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तुमच्या खिशातला तो कागद तुम्हाला नुसती खार मारायला परवानगी देत नाही. तुमच्या घरात बंदूक असणं कायदेशीर आहे की गुन्हा, हे तोच ठरवतो.

पेनसिल्वेनियाचं परवान्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. समजा बंदूक घेतली, हंगाम संपला, जूनमध्ये तुम्ही सोलापूरला लग्नाला गेलात आणि परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं. १ जुलैला कपाटातली बंदूक जागची हलली नाही, पण तुम्ही गुन्हेगार झालात. २०२२पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे, आणि बंदुकीचा गुन्हा माणसाला देशाबाहेर काढायलाही कारण ठरतो. तुमचं ग्रीन कार्ड रांगेत असेल. एका चारशे डॉलरच्या वस्तूपायी ते पणाला लावू नका. घेण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोला, त्याची फी द्या. आणि घ्याल ती परवानाधारक दुकानदाराकडूनच घ्या. तिथे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, शिकारीचा परवाना दाखवावा लागतो, राज्य पोलिसांकडून तपासणी होते. कटकट वाटेल, पण उद्या कुणी विचारलं तर तुमच्या बाजूनं बोलणारा तोच कागद असेल.

हे ग्रीन कार्ड नसलेल्या सगळ्याच मराठी मंडळींना सांगते. 'मित्राच्या बंदुकीनं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, दोन बार काढले' हेसुद्धा या मनाईत बसू शकतं. परवाना आधी, बंदूक हातात नंतर.

जाता जाता: ती पुढे कधी भारतात नेऊ, गावच्या घरी लावू, असा विचार मनात आला असेल तर काढून टाका. तिथला शस्त्र कायदा वेगळा, सीमाशुल्क वेगळं, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार आता तिथे हौसेच्या शिकारीला जागा नाही.

मग शिकारीला काय घ्यावं? जुनी, वापरलेली वीस गेजची पंप शॉटगन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची. रेमिंग्टन ८७० हे मॉडेल १९५०पासून बनत आलं आहे. वापरलेली चांगल्या अवस्थेत तुम्ही सांगितलेल्या पैशांच्या आतबाहेर मिळते. सुटे भाग कुठेही मिळतात, काडतूस कुठेही मिळतं, आणि चोक बदलता येणारी नळी असेल तर खारीला एक, उडत्या फेझंटला दुसरा. तुमच्या सहकाऱ्यांना बरोबर न्या. बंदूक खांद्याला लावून डोळे मिटा, मग उघडा. नळीवरून सरळ दिसलं पाहिजे, मान वाकडी करावी लागता कामा नये. बाकी सगळं त्यानंतर.

लष्करी बंदुकीचीच ओढ असेल तर तीही भागवता येते, फक्त कुठली ते नीट निवडा. गन शोमध्ये लोकांचा घोळका असतो तो 'ट्रेंच गन'भोवती, म्हणजे खंदकातल्या लढाईच्या शॉटगनभोवती. विंचेस्टर १८९७ची वीस इंची नळी, वर भोकाभोकांची जाळी, खाली संगिनीची बेचकी. पहिल्या महायुद्धात तिच्याविरुद्ध जर्मनीनं १९१८च्या सप्टेंबरात अमेरिकेकडे निषेध नोंदवला होता. अस्सल असेल तर ती काही हजारांची असते आणि रानात ओरबाडायची वस्तू नाही. नक्कल असेल तर पैसे पाण्यात. शिवाय या बंदुकीत चाप दाबून ठेवून पंप पुढे ढकलला की बार आपोआप उडतो. ओल्या रानात, हातमोजे घालून चालणाऱ्या नवशिक्याच्या हातात मी ती देणार नाही.

पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वायुदलानं आपल्या विमानांतल्या तोफचींना हलतं लक्ष्य टिपायला शिकवण्यासाठी मातीच्या उडत्या चकत्यांवर सराव दिला. त्यासाठी लांब नळीच्या साध्या शॉटगन घेतल्या: रेमिंग्टनची ११ आणि ३१, विंचेस्टरची १२. त्या पळत्या, उडत्या गोष्टीमागे नळी नेण्यासाठीच होत्या. लष्करी शॉटगनमध्ये शिकाऱ्याच्या कामाची जात मला हीच वाटते. चेंबरची लांबी मात्र त्यांचीही मोजून घ्या, आणि विंचेस्टर १२मध्येही तोच दाबलेल्या चापाचा धोका आहे हे लक्षात ठेवा. बदकांच्या शिकारीला तर त्या नेऊच नका. तिथे १९९१पासून देशभर शिसं बंद आहे, आणि जुन्या आवळलेल्या नळीतून पोलादी छर्रे मारले की नळी फुगते.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मीही थोडक्यात लिहिते. कुलपाचं लोखंडी कपाट बंदुकीच्या आधी घरी आलं पाहिजे. काडतुसं वेगळ्या कुलपात. भिंतीवर लावायची मस्केट असली तरी बोल्ट काढून कपाटात. आणि मुलीला एकदा शेजारी बसवून दाखवा, म्हणजे लपवलेल्या वस्तूचं कुतूहल राहणार नाही.

पुढचा गन शो असेल तेव्हा आजोबांचा फोटो बरोबर न्या. दस्त्याच्या गळ्याशी एक लोखंडी पट्टा असतो. त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, 'जीआरआय' (राजा जॉर्जची आद्याक्षरं), 'ईशापूर', साल आणि बंदुकीची जात कोरलेली सापडेल. ते साल लिहून घ्या. मुकुटाऐवजी अशोकाचे सिंह असतील तर ती स्वातंत्र्यानंतरची. नळीवर इथल्या आयातदाराचा शिक्काही शोधा. आजोबा कोणत्या साली भरती झाले ते घरी फोन करून विचारा, आणि दोन्ही सालं मला कळवा. बोल्टचा नंबर जुळला आणि गनस्मिथनं साचा काढून 'ठीक' म्हटलं तर रेंजवर तिच्यातून दोन बार काढायला मी स्वतः पिट्सबर्गला येईन. ससे मात्र त्या दिवशी माझ्या वीस गेजनं मारू.